तळाचं पान पहिलं

२९ जून, रविवार

नागेंद्र मास्तरांनी आज आप्पांना ग्राफ द्यायला नकार दिला. कारण सांगितलं नाही. कारण मी आहे.

कसं झालं ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणी वेगळं सांगितलं तर ताडून पाहता येईल. वडगावात आमच्या गल्लीत साडीच्या काठाचा ग्राफ मास्तर काढतात. चौकटीच्या कागदावर एक घर म्हणजे एक उभा धागा, एक ओळ म्हणजे एक आडवा धागा. घर भरलेलं असेल तर धागा वर, रिकामं असेल तर खाली. त्यावरून रवळूअण्णा पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात, एका ओळीला एक कार्ड. ती कार्डं दोरीने ओवून मागावरच्या जकार्डवर, म्हणजे कार्डं वाचून धागे उचलणाऱ्या यंत्रावर, चढवायची, मग काठ विणला जातो. ग्राफ नसेल तर माग उभा.

आमचा एकच माग आहे. आमच्या साड्या घेणाऱ्या निपाणीच्या श्रीपादशेठनी सांगितलंय की जुना काठ खपत नाही. जुलै संपायच्या आत नव्या काठाची नमुना साडी दाखवली आणि ती पसंत पडली, तर गणपतीपासून दसऱ्यापर्यंतचं काम आमचं. नाही तर आप्पा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत वॉचमन होणार आणि माग भंगारात. भरमू भंगारवाला मागाला टिचक्या मारून लोखंडाचा अंदाज घेऊन गेला.

आणि माझं म्हणणं इतकंच होतं. गुरुवारी मी मास्तरांना म्हणाले, मला ग्राफ शिकवा. त्यांच्या कट्ट्यावर चार माणसं बसली होती.

मास्तर म्हणाले, "पोरींना ग्राफ शिकवत न्हाईत गं. पोरगी सासरी जाती, ग्राफ तिच्यासंगं जातो. मग गल्लीनं काय, रिकामी चौकट विणायची?"

"लग्न करणार न्हाय म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ का?"

चौघे हसले. मास्तर हसले नाहीत.

आई म्हणते, एकदा जाऊन माफी माग. कशाची, ते तिला सांगता आलं नाही.

१ जुलै, मंगळवार

सॉफ्टवेअरच्या ऑफिसात दिवसभर दवाखान्याची बिलं. हे काम कुणाला नको असतं म्हणून माझ्याकडे आहे. बाकीचे पडद्यावर दिसणारं करतात. मी त्याचं पीडीएफ नीट निघेल असं बघते. वेबचं पान कापडाच्या ठाणासारखं असतं, हवं तितकं लांब. पीडीएफ करणं म्हणजे ते ठाण कापणं. कुठं कापायचं ते ब्राउझरला कळत नाही, एकेक ओळ लिहून सांगावं लागतं. ही ओळ दोन पानांत तोडू नको. तक्त्याचा मथळा प्रत्येक पानावर परत घे. बेरीज एकटीच पुढच्या पानावर ढकलू नको.

दुपारी औषधांचा एक लांबलचक तक्ता तपासताना लक्षात आलं, ग्राफ म्हणजे तरी दुसरं काय आहे? तक्ता. मी रोज तक्तेच छापते.

घरी आल्यावर आप्पांना म्हणाले, "आप्पा, ग्राफ मी काढते."

"काढ."

एवढंच. बहुधा नीट ऐकलंच नसावं. ते जकार्डच्या हुकांना तेल घालत होते. बंद मागाला तेल कशाला, कुणास ठाऊक.

६ जुलै, रविवार

आज इचलकरंजीचे पाहुणे मला बघायला येणार होते. आले नाहीत. आई म्हणाली, त्यांची गाडी बंद पडली. बरं झालं, दिवस पूर्ण मिळाला.

काठाचं चित्र काढलं. कोयरी, वर वळलेलं टोक, आत तीन पाकळ्या. मी लिहिलेला प्रोग्रॅम ते चित्र घरांत पाडतो, घरांचा तक्ता करतो, तक्त्याची ए-थ्री मापाची चार पानं करतो. घर चौकोनी ठेवून चालत नाही. आमच्या कापडात एका इंचात आडवे धागे जास्त बसतात, उभे कमी. चौकोनी घरात काढलेली कोयरी विणल्यावर बसकी होईल. आईच्या साडीवर भिंग धरून दोन्ही धागे मोजले आणि घराची उंची तेवढी कमी केली. मापं मिलिमीटरमध्ये दिली. पडद्याच्या मापाला कागदावर अर्थ नसतो.

आप्पा येऊन मागे उभे राहिले.

"कोयरीचं टोक जरा लई बारीक हाय."

"एका धाग्याचं आहे. तुटेल?"

"तुटत न्हाय. पर दिसणारबी न्हाय."

दोन धाग्यांचं केलं.

९ जुलै, बुधवार

खडेबाजारात धवलच्या प्रिंटिंगच्या दुकानात पहिली छपाई. चारही पानं कोरी आली. रेघा आहेत, कोयरी नाही. धवल म्हणाला, "मॅडम, हे नुसतं वहीचं पान आहे. वही माझ्याकडं स्वस्तात मिळते."

चूक माझी, आणि हास्यास्पद. ब्राउझर छापताना शाई वाचवायला मागचे रंग काढून टाकतो. रंग जसाच्या तसा ठेव, असं मुद्दाम लिहावं लागतं. दवाखान्याच्या बिलात हे मी दोन वर्षांपूर्वी शिकले होते. तिथं रंग म्हणजे शोभा होती. इथं रंग म्हणजे धागा.

ती ओळ घातली. दुसऱ्या वेळी कोयरी आली, पण सगळं आकसलेलं. धवलचा प्रिंटर कागदात बसवायला माप आपोआप कमी करतो. ते बंद करायला लावलं. त्याने विचारलं, "एवढं कोण मोजणार आहे?"

"मी," म्हणाले, आणि पट्टी लावली. बरोबर होतं.

मला शंका येते की हे सगळं मी मागासाठी करतेय की मास्तरांना दाखवायला. दोन्ही असलं तरी कोड तोच राहतो.

११ जुलै, शुक्रवार

रवळूअण्णा नळावर भेटले. माझ्याशी बोलले नाहीत. सायकलशी बोलले.

"मास्तर म्हणाल्यात, मल्लाप्पाच्या दारात जायचं न्हाय," ते आप्पांचं नाव घेऊन सायकलला म्हणाले. "बरं. न्हाय जात. पर धवलच्या दुकानात कुणी कागद ठेवलं तर कागदाला कुठं दार असतंय?"

मीही सायकललाच सांगितलं, "चार पानं आहेत. उद्या ठेवते."

आई म्हणत नाही की माझ्यामुळे माग उभा आहे. रोज संध्याकाळी मागावर चादर टाकते, सकाळी काढते. बोलली असती तर उत्तर देता आलं असतं.

फाउंड्रीतून आप्पांना फोन आला, कधीपासून येताय? आप्पा म्हणाले, एक तारखेनंतर बघू. नोकरीच्या कागदावर सही करायला एवढा आळस का, कळत नाही.

१३ जुलै, रविवार

पाहुण्यांची गाडी परत बंद पडली. आईने सांगितलं. आप्पा मान खाली घालून जेवत होते. इतकी वाईट गाडी वापरणाऱ्या घराबद्दल माझं मत चांगलं होणं कठीण आहे.

१९ जुलै, शनिवार

कार्डं आली. रवळूअण्णांनी ओवूनही दिली होती, धवलच्या दुकानातच. आप्पांनी जकार्डवर चढवली, माग सुरू केला. तीन आठवड्यांनी तो आवाज. शेजारची रुक्मामावशी, समोरचा मष्णू, सगळे दारात.

वीतभर काठ निघाला. आप्पांनी माग थांबवला.

कोयरीचं टोक खाली. त्याच्यावर अर्ध्या पाकळ्या. त्याच्यावर पोट. बूड सगळ्यात वर, आणि त्या बुडावर लगेच पुढच्या कोयरीचं टोक. एकही रेघ शेजारच्या रेघेला भेटत नव्हती.

मष्णू वाकून बघत म्हणाला, "मल्लाप्पाण्णा, ही कोयरी न्हाय. कोशिंबीर हाय."

सगळे हसले. रुक्मामावशीसुद्धा. "कॉम्प्युटरला भूक लागली असंल रं," ती म्हणाली.

मी आत गेले. दार लावलं नाही. दार लावलं असतं तर मी रडतेय असं त्यांना वाटलं असतं.

२० जुलै, रविवार

सकाळी मागावरून कापून काढलेला तो वीतभर काठ जमिनीवर ठेवला आणि बाजूला माझी चार पानं.

काठ चुकलेला नाही. प्रत्येक तुकडा आतल्या आत बरोबर आहे. चार तुकडे आहेत, चार पानांएवढे. फक्त त्यांचा क्रम उलटा आहे.

माझं पहिलं पान म्हणजे चित्राचा वरचा भाग. एचटीएमएलमध्ये तक्ता वरून खाली वाहतो, पहिलं पान वरचंच असणार. पण विणकाम खालून वर जातं. रवळूअण्णा ग्राफ तळाच्या ओळीपासून वाचतात, आयुष्यभर तसंच वाचलंय. त्यांनी पहिलं पान घेतलं आणि तळापासून वर वाचलं. मग दुसरं. मास्तरांच्या ग्राफात ही वेळ कधी येत नाही, कारण मास्तर कागद चिकटवून एकच लांब गुंडाळी देतात. पान नाही, मग पहिलं पान कुठलं? मी सुटी पानं दिली आणि त्यांना ती कशी लावायची हे विचारायला माझ्याशी बोलायचं नव्हतं. दोघांनी आपापलं काम बरोबर केलं.

म्हणजे कार्डं परत पाडायची गरज नाही. माळ तीन ठिकाणी कापायची, चार भाग उलट क्रमाने ठेवायचे, परत ओवायची.

आप्पांना सांगितलं. मष्णू होताच तिथं. "कार्डाची माळ कापतेस? मास्तरच्या ग्राफाची माळ गल्लीत आजपातूर कुणी कापली न्हाय."

"मास्तरच्या ग्राफाची न्हाय ही," मी म्हणाले. "ग्राफ माझा हाय. माळ माझी हाय."

"आणि परत चुकली तर?"

"तर परत कापीन."

मला वाटलं, आप्पा नको म्हणतील. त्यांनी धागा तोडायची कात्री खिशातून काढून पुढे केली आणि मागाकडे तोंड करून बसले.

मी तीन ठिकाणी कापलं. पहिला काप देण्याआधी कार्डं तीनदा मोजली. हे इथंच लिहिते, दुसरीकडे कुठं सांगायचं नाही. आईने ओवायला घेतलं. तिचे हात माझ्यापेक्षा वेगाने चालतात. ओवताना ती म्हणाली, "आज पाहुण्यांचा फोनच आला न्हाय." मी म्हणाले, बरं.

दुपारी माग चालू केला. कोयरी बुडापासून उगवली, पोट, पाकळ्या, टोक. टोक दोन धाग्यांचं. दिसत होतं.

मष्णू म्हणाला, "व्हय की."

त्याच्यासाठी हे पुष्कळ आहे.

२२ जुलै, मंगळवार

प्रोग्रॅम बदलला. आता तळाचं पान पहिलं छापतं. पानं आपोआप उलट क्रमाने निघतात. ओळींचे आकडे खालून वर चढतात. धाग्यांच्या आकड्यांची ओळ आता मथळ्यात नाही, प्रत्येक पानाच्या तळाला येते, जिथून रवळूअण्णांची नजर सुरू होते. पानाच्या वरच्या कडेला पुढच्या पानाची पहिली ओळ फिकट रंगात दिसते. ती जुळवून चिकटवायची.

ब्राउझरला हे मान्य नव्हतं. वरून खाली हा त्याचा धर्म आहे. सगळ्या ओळी मी आधीच उलट्या करून, पान पान तोडून त्याच्या हातात दिल्या. त्याला वाटतंय तो वरून खालीच छापतोय. वाटू दे.

ग्राफाच्या उजव्या कोपऱ्यात मास्तर आपलं नाव घालतात, तशी रीत आहे. मी माझं घातलं. अंजनी मल्लाप्पा कामकर. लहान अक्षरात, प्रत्येक पानावर, पान फाटलं तरी राहील असं.

२६ जुलै, शनिवार

आप्पांबरोबर निपाणीला गेले. श्रीपादशेठनी साडी उजेडात धरली, काठ नखाने खरवडला, उलटी बाजू बघितली.

"नागेंद्रचा हात बदललाय," ते म्हणाले. "हे मोकळं काढलंय. त्याचं गच्च असतं."

आप्पा म्हणाले, "नागेंद्रचं न्हाय. माझ्या पोरीचं हाय."

शेठनी माझ्याकडे बघितलं, मग परत काठाकडे. "साडीला कोण काढलं ते कुठं दिसतंय? चांगलं हाय. लावा कामाला."

आप्पांनी हे वाक्य बसमध्ये आपल्याशी दोनदा म्हटलं. "लावा कामाला." टोल नाका मागे गेल्यावर म्हणाले, "तुला गं, बिलं छापायचा कंटाळा येत न्हाय?" मी म्हणाले, येतो. ते म्हणाले, "मग." वाक्य अर्धं सोडायची सवय आहे त्यांना.

२७ जुलै, रविवार

मास्तर घरी आले. चप्पल बाहेर काढली, पाटावर बसले, आईने चहा दिला. चहा घेतला. म्हणजे बोलायला आले होते.

"मल्लाप्पा, झालं ते झालं. पोरगी हुशार हाय. मला काय वैर न्हाय. उद्यापास्नं तुझा ग्राफ पैल्यासारखा. पोरीला काढायचा तर तीबी काढू दे, मी इचारणार न्हाय. फक्त कोपऱ्यात माझं नाव घाला. गल्लीत दोन मास्तर झाले की रवळूनं कुणाचं ऐकायचं?"

आप्पा म्हणाले, "कागद तिचा हाय. तिला इचारा."

मास्तर माझ्याकडे वळले. पहिल्यांदाच, मला वाटतं.

मी म्हणाले, "न्हाय."

"अगं, नाव तर नाव. उद्या तू सासरी जाशील, सगळं उचलून नेशील. मग ह्या मागाला काय घालायचं?"

"नेईन की. नेलं तरी हितलं कमी होत न्हाय, मास्तर. फाईल हाय ती. एकाच वेळी नेताबी येती आणि ठेवताबी येती."

मास्तर चहाचा कप फिरवत राहिले. मग म्हणाले, "जे समद्यांच्या घरात असतंय त्याला किंमत काय राहिली गं? माझ्या बापानं मला सात वर्षं चौकटी भरायला लावल्या. त्याचं काय करू?"

ती सात वर्षं खरी आहेत. पण म्हणून माझ्या कागदावर त्यांचं नाव घालायचं, हे त्यातून निघत नाही. तेच सांगितलं.

मास्तर उठले. आप्पा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "चिडलेत."

"तुम्ही?"

"मला काय झालंय?"

३० जुलै, बुधवार

मास्तरांनी रवळूअण्णांना सांगितलं की मल्लाप्पाच्या कार्डांना भोकं पाडलीस तर माझं काम मिळणार नाही. आता धवलच्या दुकानातून सुद्धा नाही. म्हणजे हा काठ विणून झाला की पुढच्या ग्राफाला कार्डं कोण पाडणार, हा प्रश्न आहे. माग परत उभा राहील, फक्त एका काठानंतर.

आई पुन्हा माफीचं म्हणाली. पण अर्ध्यावर थांबली आणि भाजी ढवळायला लागली.

मी विचार केला. मास्तरांचा जोर कशात आहे? गल्लीतल्या सगळ्यांना ग्राफ त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. म्हणून रवळूअण्णांना सगळं काम त्यांच्याकडूनच मिळतं. एका घराने वेगळं काढलं तर ते घर अडवता येतं. सगळ्या घरांनी काढलं तर कुणाला अडवणार?

१ ऑगस्ट, शुक्रवार

प्रोग्रॅम गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. लिंक उघडायची, काठाचं चित्र आणि काढणाऱ्याचं नाव द्यायचं, एका इंचातले धागे सांगायचे, पीडीएफ घ्यायचं. मराठीत आणि कन्नडमध्ये. माझी कोयरी त्यात नाही, ती शेठच्या कामाची आहे. पण कोयरी काढायची रीत सगळी त्यात आहे.

खाली लिहिलं: "कुणालाही वापरता येईल. पोरींनाही."

मास्तर ग्रुपमधून बाहेर पडले. त्यानंतर मष्णूने अंगठा टाकला. मग रुक्मामावशीच्या मुलाने विचारलं, पदराला चालतं का? चालतं.

फाउंड्रीतून शेवटचा फोन आला. आप्पा मागाच्या आवाजावरून ओरडून बोलत होते. "न्हाय जमणार साहेब. आवाज येतोय न्हवं? हां, तेच. तेच कारण."

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी रवळूअण्णा थेट आमच्या दारात आले. सायकल बाहेर, स्वतः आत. हातात तीन वेगवेगळ्या घरांची पानं, आणि चेहरा रागाचा.

"मास्तरीणबाई, हे काय चालवलंयस?"

"काय चुकलं? पानांचा क्रम?"

"क्रम झ्याक हाय. हे कोपऱ्यात बघ. ग्राफ काढणाऱ्याचं नाव. बरं. भोकं कोण पाडतो? दोन पिढ्या आमच्या त्या मशीनवर वाकल्या. मास्तरच्या कागदावर माझं नाव कुठं असणार, त्यो कागद त्याचा. पर तू तर समद्यांचं म्हणतीस. मग माझं नाव कुठं हाय?"

मी म्हणाले, जागा कमी आहे. खोटं होतं. जागा आहे; मला सुचलं नव्हतं.

"मास्तर तुमचं काम बंद करतील म्हणाले होते," मी म्हणाले.

"त्याच्याकडं कागद किती, हितं किती? मी मोजतोय. तू आधी नाव घाल."

ते बसून राहिले. चहा दोनदा झाला. दुसरी ओळ घातली: कार्डं, रवळू. त्यांनी चष्मा लावून पडदा वाचला, अक्षर अजून थोडं मोठं करायला लावलं, माझ्या नावाएवढं, आणि गेले.

मग आप्पांना विचारलं, विणणाऱ्याची तिसरी ओळ घालू का?

"माझं काय त्यात? मी नुसता विणतोय."

घातली. तीन ओळी बसतात. शिवाय अट टाकली: तिन्हींपैकी एक जरी नाव रिकामं सोडलं तरी पीडीएफ तयारच होणार नाही, बटण दाबलं तरी पान हलणार नाही. आता या गल्लीत नाव न घालता माझ्याकडून ग्राफ छापून घेता येणार नाही. कुणालाच. मास्तरांनी लिंक उघडली, तर त्यांनाही रवळूअण्णांचं नाव टाइप करावं लागेल.